सात वर्षांची वकिली आणि नोटरीचा अर्ज

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात आठ वर्षं वकिली करणाऱ्या एका भगिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. दहा वर्षं भरल्याशिवाय नोटरीसाठी अर्ज करता येत नाही असं बाररूममध्ये सगळे सांगतात, ते खरं का? अर्ज राज्य सरकारकडे करावा की केंद्राकडे? आणि एवढी खटपट करून तालुक्याच्या गावी त्यातून हाती काही लागतं का? मी जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करते, बरीच वर्षं नोटरी आहे आणि अनेक ज्युनिअर मुलामुलींचे अर्ज मी वाचून, दुरुस्त करून दिले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही आजच पात्र आहात. नोटरी अधिनियम, १९५२ आणि त्याखालचे नोटरी नियम, १९५६ हे दोनच कागद यासाठी वाचायचे आहेत, आणि त्यातल्या नियम ३ मध्ये उत्तर स्पष्ट दिलेलं आहे. सर्वसाधारण वकिलाला दहा वर्षांची वकिली लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांतल्या वकिलांना सात वर्षं पुरतात. आणि स्त्री वकिलालाही, ती कोणत्याही प्रवर्गातली असो, सातच. न्यायिक सेवेतून, विधी सेवेतून किंवा सैन्याच्या विधी विभागातून आलेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे, तिचा तुमच्याशी संबंध नाही.

ही सात वर्षांची सवलत माझ्या पाहण्यातल्या कितीतरी वकील मुलींना ठाऊकच नव्हती. बाररूममध्ये कुणीतरी ज्येष्ठ ‘दहा’ म्हणून गेलेले असतात आणि तेच पुढे चालत राहतं. त्या तीन वर्षांत नेमणुकीसाठी अर्ज मागवण्याची एखादी फेरी निघून जाते, आणि पुढची कधी निघेल ते कुणाच्या हातात नसतं. तेव्हा तुमच्या कोर्टातल्या इतर मुलींनाही हे सांगा.

वर्षं मोजायची ती सनदेच्या, म्हणजे बार कौन्सिलने दिलेल्या वकिलीच्या परवान्याच्या तारखेपासून, पदवीच्या तारखेपासून नाही. आणि नियमाला नुसती सनद नको आहे, प्रत्यक्ष वकिली हवी आहे. मधल्या काळात कुणी पूर्णवेळ पगारी नोकरी केली असेल, बँकेत विधी अधिकारी म्हणून किंवा एखाद्या कंपनीत, तर तेवढा काळ सनद स्थगित ठेवावी लागते आणि तो वकिलीत धरता येत नाही. नोकरी केली पण बार कौन्सिलला कळवलंच नाही, अशी माणसं अर्ज करताना अडकतात. खोटं प्रतिज्ञापत्र जोडून नोटरी व्हायला निघणं ही सुरुवातच चुकीची आहे. तुमच्या प्रश्नात बाळंतपणाच्या काळाचा उल्लेख आहे. त्या काळात तुम्ही सनद स्थगित केली नसेल आणि चालू प्रकरणांत तुमचं वकीलपत्र कायम असेल, तर ती वकीलपत्रं आणि त्या काळातले रोजनामे (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी) काढून ठेवा. विचारलं तर दाखवता येतात. अलीकडच्या बॅचमधल्यांनी अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्रही हाताशी ठेवावं.

आता राज्य की केंद्र. अधिनियमाच्या कलम ३ नुसार केंद्र सरकार संपूर्ण भारतासाठी किंवा त्याच्या कुठल्याही भागासाठी नोटरी नेमू शकतं, आणि राज्य सरकार आपल्या राज्यासाठी किंवा राज्याच्या एखाद्या भागासाठी. दोघांचे अधिकार सारखेच. केंद्राचा नोटरी वरचा आणि राज्याचा खालचा, किंवा केंद्राचा नोटरी देशात कुठेही बसून सही करू शकतो, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. तुमच्या प्रमाणपत्रावर जे क्षेत्र लिहिलेलं असेल, तालुका असो वा जिल्हा, तेवढ्यातच काम करायचं. क्षेत्राबाहेर जाऊन केलेलं काम पुढे त्या कागदालाच अडचणीत आणतं. फरक आहे तो कारभाराचा. राज्याकडे अर्ज केला तर मंत्रालयातला विधी व न्याय विभाग, केंद्राकडे केला तर दिल्लीतला विधी कार्य विभाग. ज्यांनी नेमलं त्यांच्याकडेच नूतनीकरण, वार्षिक विवरण आणि तक्रारींची चौकशी. केंद्राने २०२४ पासून नोटरींसाठी ऑनलाइन पोर्टल सुरू केलंय, त्यामुळे तिकडची ये-जा बरीच कमी झाली आहे.

माझा सल्ला सरळ आहे: जी फेरी आधी उघडेल तिथे अर्ज करा. प्रत्येक राज्यात जास्तीत जास्त किती नोटरी असावेत याचा आकडा नियमांच्या अनुसूचीत ठरवून दिलेला असतो, म्हणून जागा सतत निघत नाहीत. २०२४ साली केंद्राने महाराष्ट्रासाठी हजारोंच्या संख्येने नोटरी निवडले. त्याचा दुसरा अर्थ असा की, ज्या गावात पूर्वी एकच नोटरी होता तिथे आता चार-पाच आहेत. तुमच्या तालुक्यात नेमके किती आहेत ते मोजून घ्या, कारण अर्जात त्याचा थेट संबंध येतो.

नियम ४ प्रमाणे अर्ज जिल्हा न्यायाधीशांमार्फत, किंवा तुम्ही जिथे वकिली करता त्या न्यायालयाच्या अथवा न्यायाधिकरणाच्या पीठासीन अधिकाऱ्यांमार्फत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. नियमांत त्याला मेमोरियल म्हटलंय आणि वकिलांसाठी नमुना १ ठरवून दिलाय. त्यावर तुमची सही तर हवीच, पण आणखी पाच जणांच्या प्रतिस्वाक्षऱ्या लागतात: एक दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा एक व्यवस्थापक, एक व्यापारी आणि तुम्ही जिथे काम करणार त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी. मुलं याकडे निव्वळ औपचारिकता म्हणून पाहतात आणि शेवटच्या दोन दिवसांत धावाधाव करतात. मग बँकेचा व्यवस्थापक रजेवर असतो, व्यापारी म्हणून आपल्याच मामाची सही घेतली जाते आणि प्रतिष्ठित रहिवासी म्हणून शेजारच्या चेंबरमधले दोन वकील.

त्या पाच सह्यांमागचा हेतू लक्षात घ्या. नोटरीचा शिक्का कोर्टाला, बँकेला, बाजाराला आणि गावाला, या सगळ्यांना विश्वासाचा वाटायला हवा, म्हणून त्या प्रत्येकातलं एकेक माणूस आधीच तुमच्यासाठी उभं राहावं अशी अपेक्षा आहे. तेव्हा व्यापारी घ्यायचा तो बाजारपेठेत किंवा बाजार समितीत खरोखर उलाढाल करणारा घ्या. तुमचा तालुका द्राक्षांचा, बेदाण्याचा असेल तर तिथला अडत्या किंवा बागायतदार-व्यापारी तुम्हाला ओळखत असेलच. रहिवासी म्हणून निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर, ज्यांच्याकडे गाव सल्ल्याला जातं अशी माणसं. सहीखाली पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता आणि शक्य असेल तिथे शिक्का घ्या. दंडाधिकाऱ्यांची सही मागताना मेमोरियल पूर्ण भरलेलं असावं. कोऱ्या जागा ठेवलेला कागद त्यांच्यापुढे नेणं हा त्यांचा अवमान आहे, आणि नोटरी होऊ इच्छिणाऱ्याने तर कोऱ्या कागदावर कुणाची सही मागूच नये.

सोबतची कागदपत्रं सूचनेत दिलेली असतात: सनद, जन्मतारखेचा आणि रहिवासाचा पुरावा, प्रवर्गाची सवलत घेत असाल तर जातीचं प्रमाणपत्र, वकिलीच्या कालावधीचा दाखला. तुम्ही स्त्री म्हणून सात वर्षांत बसत असाल तर जातीच्या दाखल्याची गरज पडणार नाही. नावाचा घोळ मात्र आधीच मिटवा. सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, वकील संघाच्या दाखल्यावर दोन्ही अर्धी अर्धी, ही आपल्याकडच्या बायकांची नेहमीची अडचण आहे. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात जोडा आणि अर्जभर एकच नाव ठेवा. कारण उद्या मुद्रेवर, म्हणजे तुमच्या नोटरीच्या शिक्क्यावर, तेच नाव कोरलं जाणार आहे.

नियम ७ मध्ये सक्षम प्राधिकाऱ्याने काय पाहायचं ते दिलंय, आणि अर्ज लिहिताना तो नियम समोर उघडा ठेवावा. अर्जदार त्या क्षेत्रात सामान्यतः राहतो का, त्या भागाचं व्यापारी महत्त्व किती, सध्या तिथे किती नोटरी आहेत, अर्जदाराला व्यापारी कायद्याचं ज्ञान आणि अनुभव कितपत आहे, त्याच्या वकिलीचा विस्तार किती, आणि तो एखाद्या वकिली फर्ममध्ये असेल तर तिथे आधीच किती नोटरी आहेत, हे सगळं त्यात येतं. म्हणून ‘माझ्या क्षेत्रात नोटरीची गरज आहे’ एवढं एक वाक्य लिहून थांबू नका. तालुक्यात दुय्यम निबंधक कार्यालय कुठे आहे, बँकांच्या शाखा किती, बाजार समिती, औद्योगिक वसाहत, सूतगिरणी किंवा साखर कारखाना आहे का, तालुक्याच्या शेवटच्या गावापासून सध्याच्या नोटरीपर्यंत किती किलोमीटर पडतात, हे लिहा. एका मुलीने तिच्या पूर्वेकडच्या गावांतून लोकांना प्रतिज्ञापत्रासाठी एसटीने दिवस मोडून यावं लागतं हे गावांच्या नावांसकट लिहिलं होतं. माझ्या मते तो अर्ज आदर्श होता, कारण तो वाचणाऱ्याला तालुका दिसत होता.

मुलाखत समोरासमोर असो वा व्हिडिओवर, प्रश्न फार खोल नसतात, पण पायाचे असतात. कलम ८ पाठ हवं. दस्त साक्षांकित करणं, शपथ देणं आणि प्रतिज्ञापत्र घेणं, भाषांतर करणं आणि ते पडताळणं हे रोजचं. पण वचनचिठ्ठी, हुंडी किंवा विनिमयपत्र स्वीकारासाठी अथवा रकमेसाठी सादर करणं, नाकारलं गेलं तर त्याची नोंद आणि निषेध (नकाराचा अधिकृत दाखला) करणं, जहाजाचे निषेधपत्र, न्यायालयाने सांगितल्यास कमिशनर म्हणून पुरावा नोंदवणं, लवाद किंवा मध्यस्थ म्हणून काम करणं, हेही त्याच कलमात आहे. व्यापारी कायद्याचा आग्रह नियमांत का आहे तो इथे कळतो: या पेशाचं मूळ व्यापाराच्या कागदांत आहे. आपण रोज ज्याला ‘एकशे अडतीस’ म्हणतो ते परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चं कलम मुळात नोटरींच्या नेमणुकीचं होतं. १९५२ च्या कायद्याने ते रद्द झालं, आणि रिकाम्या झालेल्या त्या क्रमांकावर १९८८ च्या दुरुस्तीने धनादेश न वटण्याचा गुन्हा आला. १९५२ च्या आधी आपल्या देशात नोटरी नेमण्याचा सर्वसाधारण अधिकार इंग्लंडमधला मास्टर ऑफ फॅकल्टीज वापरत असे. स्वतंत्र देशाला ते शोभत नाही, हे १९५२ चा कायदा आणण्यामागचं एक कारण होतं. मुलाखतीत हे कुणी विचारेल असं नाही, पण तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. निवड करून देतो म्हणून पैसे मागणारी माणसं प्रत्येक फेरीत उगवतात. त्यांच्या हातात काही नसतं. निवड झाली तर ते श्रेय घेतात आणि झाली नाही तर फोन उचलत नाहीत. जिला उद्या लोकांच्या कागदांची साक्ष द्यायची आहे तिने पहिलं पाऊल असं टाकू नये.

यादीत नाव आलं की काम संपलं असं समजून काही जण निवांत होतात. त्यानंतर दिलेल्या मुदतीत कागदपत्रं आणि शुल्क पाठवावं लागतं, तेव्हा कुठे नोंदवहीत नाव चढून व्यवसायाचं प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत एकही शिक्का मारायचा नाही. कलम ९ प्रमाणपत्राशिवाय काम करायला मनाई करतं, आणि नोटरी नसताना नोटरी म्हणून वावरणाऱ्याला कलम १२ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मुद्रेचं मापही नियमात आहे: साधी, गोल, पाच सेंटिमीटर व्यासाची, तिच्यावर तुमचं नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणाऱ्या सरकारचं नाव. नक्षीकाम नको. क्षेत्राच्या आत कार्यालय हवं, बाहेर नाव आणि नोटरी हे पद दाखवणारा फलक हवा, आणि आत तसेच बाहेर फीचे दर ठळक दिसतील असे लावलेले हवेत. हा दरफलक मी फार कमी चेंबरमध्ये पाहिला आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. गावाकडून आलेल्या माणसाला किती पैसे द्यायचे हे भिंतीवरून कळायला हवं, आपल्या चेहऱ्यावरून नाही. दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षाच्या कामाचं विवरण सरकारला पाठवायचं. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जायला हवा. ती तारीख प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी डायरीत लिहून टाका. वेळेत नूतनीकरण न केल्यामुळे चांगल्या नोटरींची नावं वगळली गेलेली आहेत.

आता रजिस्टर. मला विचाराल तर नोटरी म्हणजे शिक्का नव्हे, रजिस्टर. नमुना १५ मधल्या त्या वहीत प्रत्येक कामाची नोंद होते: क्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, करून देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, दस्त कशाबद्दल आहे, तिकीट, घेतलेली फी आणि करून देणाऱ्याची सही. ती नोंद त्याच क्षणी, माणूस समोर असताना करायची. संध्याकाळी बसून दिवसभराच्या नोंदी कारकुनाकडून भरून घेणं, आणि सह्यांचा रकाना ‘उद्या घेऊ’ म्हणून कोरा सोडणं, हे चालतं म्हणून बरोबर ठरत नाही. दहा वर्षांनी दिवाणी दाव्यात समन्स येतं, मुखत्यारपत्र करून देणारा वारलेला असतो, भाऊ-भाऊ समोरासमोर उभे असतात, आणि न्यायाधीश विचारतात, “त्या दिवशी ही व्यक्ती तुमच्यासमोर हजर होती का?” तेव्हा स्मरणशक्तीचा काही उपयोग नसतो. वहीतली सही किंवा अंगठा हेच उत्तर असतं. पुराव्याच्या कायद्यानुसार न्यायालय नोटरीच्या मुद्रेची न्यायिक दखल घेतं, आणि नोटरीसमोर झालेल्या मुखत्यारपत्राबद्दल ते रीतसर झालं असं गृहीत धरतं. एवढं मोठं वजन आपल्या एका सहीला दिलेलं आहे. ते पेलतं ती वही.

म्हणून नकार देता येणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे. तालुक्याच्या गावी ते अधिक अवघड, कारण समोरचा माणूस ओळखीचा, नात्यातला किंवा आपल्याच अशिलाचा मेव्हणा असतो. “वडील खाली गाडीत बसलेत मॅडम, जिना चढवत नाही, तुम्ही नुसता शिक्का द्या.” अशा वेळी रजिस्टर काखेत मारून आपण जिना उतरायचा. गाडीच्या काचेतून त्यांना नाव विचारायचं, कशावर सही करताय ते विचारायचं. बहुतेक वेळा सगळं ठीक असतं. कधीकधी वडिलांना वाटत असतं की पेन्शनचा कागद आहे, आणि हातात कुलमुखत्यारपत्र असतं. “मागची तारीख टाका” म्हणणाऱ्याला दुसरं वाक्य बोलू द्यायचं नाही. ज्याला मजकुराची भाषा वाचता येत नाही त्याला तो मराठीत वाचून, समजावून सांगायचा आणि तसं कागदावर लिहायचं.

बहिणींच्या हक्कसोडीबद्दल मी जास्त बोलते, कारण ते माझ्यासमोर सतत येतं. दिवाळीला किंवा राखीला माहेरी आलेल्या बहिणीला भाऊ घेऊन येतो, सोबत टाइप केलेलं हक्कसोडपत्र. पहिली गोष्ट कायद्याची: स्थावर मिळकतीतला हक्क नोटरीच्या शिक्क्याने सुटत नाही, त्याला दुय्यम निबंधकांकडे नोंदणी लागते. दुसरी गोष्ट बहिणीची: तिच्याशी दोन मिनिटं एकटीशी बोला. भावाला बाहेर चहाला पाठवा. स्वेच्छेने सोडत असेल तर तिला नोंदणीचा रस्ता सांगा. रडवेली झाली तर कागद परत करा. तुम्ही बाई आहात म्हणून ती तुमच्याशी बोलेल. तालुक्यात स्त्री नोटरी असावी असं मला इतकं मनापासून वाटतं, ते यासाठी.

तसंच भाड्याचं. नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार हा महाराष्ट्रात घराघरात आहे आणि तो अपुरा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स, दोन्ही लेखी आणि नोंदणीकृत हवेत. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑनलाइन नोंदणीची सोय असताना नोटरीने असा करार शिक्का मारून देणं म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धवट कागद देणं. नोटरी केलेली खरेदी, गुंठ्यांचे कब्जा-पावतीचे व्यवहार, यांचंही तेच. मालकी त्यातून मिळत नाही, हे पैसे देण्याआधी त्या गरीब माणसाला सांगणारं कुणीतरी हवं. आणि लग्न किंवा घटस्फोट नोटरीपुढे होत नाही. पळून आलेली पोरं आणि जातपंचायतीत ‘सोडचिठ्ठी’ ठरवून आलेली कुटुंबं, दोन्ही येतात. विवाहाची किंवा घटस्फोटाची कागदपत्रं करून देणं हे गैरवर्तन ठरेल, असं केंद्राच्या विधी विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना पुन्हा बजावलं आहे.

गैरवर्तनाची तक्रार आली तर नियम १३ खाली चौकशी होते आणि दोष सिद्ध झाल्यास कलम १० खाली नाव नोंदवहीतून काढलं जातं. कलम १३ चं संरक्षण आहे खरं. नोटरी म्हणून काम करताना केलेल्या गुन्ह्याची दखल सरकारने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय घेऊ शकत नाही. पण त्या कलमाच्या भरवशावर काम करणारा नोटरी मला तरी नको.

आता तुमचा तिसरा प्रश्न, पैशाचा. खरं सांगते: नुसत्या नोटरीवर तालुक्याला घर चालेल असं धरू नका. फी नियमाने ठरलेली आहे आणि लहान आहे. शिवाय काम पूर्वीपेक्षा आटलं आहे. साक्षांकित प्रतींची जागा स्वयंसाक्षांकनाने घेतली, आणि २०१५ पासून महाराष्ट्र शासनाने बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र स्वीकारायला सुरुवात केली. लोकांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. ज्या विद्यार्थ्याला प्रतिज्ञापत्राची गरज नाही त्याला तसं सांगून परत पाठवा. मुद्रांकाचंही तेच: ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांचा किमान मुद्रांक पाचशेवर गेला, पण जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीच्या आणि न्यायालयापुढच्या प्रतिज्ञापत्रांना माफी आहे. अजूनही मुद्रांक विक्रेत्याकडे रांग लावून पाचशेचा कागद घेतलेली मुलं माझ्यापर्यंत येतात, तेव्हा जीव हळहळतो.

तरी काम आहे. दिवाणी-फौजदारी प्रकरणांतली प्रतिज्ञापत्रं, बँकांची हमीपत्रं, वारसांची प्रतिज्ञापत्रं, भागीदारीचे करार, नावबदल. निवडणुका लागल्या की उमेदवारांची शपथपत्रं, आणि ती बहुतेक शेवटच्या रात्री. त्यात एक वाढतं काम आहे ज्याकडे तालुक्यातले नोटरी बघत नाहीत: भाषांतर. आपल्याकडची पोरं जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला निघाली आहेत; त्यांना ग्रामपंचायतीचा मराठी जन्मदाखला, आईवडिलांच्या लग्नाचा दाखला, सातबारा इंग्रजीत हवा असतो, आणि भाषांतर करून पडताळणं कलम ८ मध्येच बसतं. त्यापुढची मंत्रालयाची आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टीलची (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणाऱ्या प्रमाणनाची) वाट काय ते शिकून ठेवा. उलट दिशेने परदेशातून येणारी मुखत्यारपत्रं असतात. ती तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित झालेली किंवा अपोस्टील केलेली हवीत, आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे वेळेवर सांगणारा नोटरी माणसं कायम लक्षात ठेवतात.

शेजारच्या गोव्यातून कुणी वारसाचा कागद घेऊन आलं तर मात्र गोंधळू नका. तिथे पोर्तुगीज काळापासूनची परंपरा पुढे नेणारे विशेष नोटरी आहेत. दुय्यम निबंधकच ते काम करतात आणि वारसांचा दस्त ते स्वतः तयार करतात. आपल्याला १९५२ च्या कायद्याखाली तो अधिकार नाही. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरकडच्या कुटुंबांत ही सरमिसळ नेहमी दिसते.

अर्ज गेल्यावर वाट बघण्याचा काळ लांबतो, कधी वर्षही सरतं. तो असा वापरा. तुमच्या कोर्टातल्या ज्या नोटरीचं रजिस्टर स्वच्छ आहे त्यांच्याकडे शनिवारी अर्धा दिवस बसायची परवानगी मागा. नोंद कशी घालतात, अंगठा घेताना ओळख पटवणारा कुणाला धरतात, कुठल्या कागदाला हात लावत नाहीत, ते बघा. जन्मदाखला, मृत्युदाखला, सातबारा, फेरफार आणि वारस नोंद यांचे इंग्रजी मसुदे स्वतः तयार करून ठेवा. फेरफारातल्या महसुली शब्दांसाठी तलाठी कार्यालयात एकदा बसलात तर चुका टळतील. आणि सूचना आली की मेमोरियल तयार असावं म्हणून बँकेच्या व्यवस्थापकांना आणि त्या व्यापाऱ्याला आत्ताच भेटून ठेवा, कारण मुदत नेहमी कोर्टाच्या सुट्टीत येते.